पिशवी घेतलेली मुंगी

दसरा जवळ आला की जळमटे काढायचा कुंचा माझ्या हाती येतो आणि एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागतात, कारण मी कोळी पाहत उभा राहतो. यंदा आमच्या कोथरूडच्या घराच्या गच्चीत, जास्वंदीच्या कुंडीच्या काठावरून एक काळसर मुंगी नागमोडी चालत लगबगीने निघाली होती. आईने चष्मा सावरून पाहिले आणि ती म्हणाली, "केवढे ओझे धरले आहे बघ बिचारीने तोंडात! मंडईतून भरली पिशवी घेऊन निघाल्यासारखी." मी पाय मोजले. ते आठ निघाले. त्यांतले पुढचे दोन मुंगीच्या मिशांसारखे वर धरलेले होते. पिशवी म्हणजे त्याचे स्वतःचेच जबडे होते.

मुंगीचे सोंग घेणारा हा नर उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला. त्याच्या मादीचे जबडे बेताचे असतात आणि ती हुबेहूब मुंगी दिसते. नराचे मात्र तोंडापुढे लांबच लांब वाढलेले, आणि त्यांच्याखाली दात असा दुमडलेला, जसे मिटलेल्या चाकूचे पाते. एवढे अवजड हत्यार पुढे आल्यावर सोंग उघडे पडायला हवे, पण आईला जे वाटले तेच त्याला खाऊ पाहणाऱ्यांनाही वाटते, असे २००६ साली नेल्सन आणि जॅक्सन या अभ्यासकांनी प्रयोगांतून दाखवले. मुंगीला टाळणारे प्राणी यालाही टाळतात. मात्र मुंग्याच खाऊन जगणारे काही कोळी तोंडात ओझे असलेली मुंगी मुद्दाम निवडतात, कारण तिला चावता येत नाही. आणि मादीच्या वाट्याला न येणारे हे संकट नराला केवळ जबड्यांपायी सोसावे लागते. शिवाय यांच्या अनेक जातींत नराच्या दातातली विषाची नळीच नाहीशी झाली आहे, त्यामुळे तो भक्ष्याला विष टोचत नाही, सळईवर खोवावे तसे दातावर खोवतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? दुसऱ्या नरासमोर जबडे फाकवून उभे राहण्यासाठी.

नुसते जबडे लांब दिसले म्हणून हेच कारण असेल असे मात्र नाही. मादागास्करमधल्या 'पेलिकन' कोळ्यांची मानही लांब आणि जबडेही लांब, पण ते नर-मादी दोघांनाही असतात, कारण त्यांना दुसरे कोळी खायचे असतात आणि भक्ष्य हातभर दूर धरलेले बरे. (या कुळाची ओळख आधी १८५४ मध्ये बाल्टिक अंबरमधल्या, म्हणजे दगड झालेल्या प्राचीन डिंकातल्या, जीवाश्मांवरून झाली, जिवंत कोळी १८८१ मध्ये नोंदला गेला.) आमच्या वेताळ टेकडीवर झाडाच्या बुंध्याला चिकटून बसणाऱ्या दोन शेपट्यांच्या कोळ्याचेही तसेच. त्याच्या शेपट्या म्हणजे रेशीम सोडणाऱ्या लांब नळ्या, आणि भक्ष्याभोवती गरागरा फिरत तो त्यांनी धागा गुंडाळतो. दोघांनाही असेल तर पोटासाठी आणि एकट्या नरालाच असेल तर लग्नासाठी, असा माझा ढोबळ हिशेब आहे. तो सगळीकडे लागू पडेलच असे नाही.

लग्नाच्या हौसेची कमाल मात्र टिडारेन या लहानशा कोळ्याने केली आहे. त्याच्या तोंडाजवळची, वीर्य साठवणारी दोन उपांगे इतकी मोठी की एकेकाचे वजन शरीराच्या सुमारे १० टक्के. त्यातले एक तो स्वतःच तोडून टाकतो. २००४ च्या अभ्यासात, तोडल्यानंतर त्याचा धावण्याचा वेग ४४ टक्क्यांनी वाढलेला आणि तो ६३ टक्के अधिक वेळ धावू शकलेला दिसला. कमरेला ढोल बांधून लक्ष्मी रस्त्यावरून चाललेल्यांना हा उपाय सांगण्यात अर्थ नाही.

दुपारी कुंडीवर दुसरा नर आला. दोघे समोरासमोर थबकले आणि आमच्या मुंगीने दोन्ही जबडे बाजूंना ताणून उघडले. आई वाकून पाहत म्हणाली, "ठेवली बाई पिशवी एकदाची खाली."