पुस्तकातले ७६ आणि आमचे ७१

१९७३ च्या पावसाळ्यात, शाळेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, जिला आम्ही अभिमानाने प्रयोगशाळा म्हणत असू, विज्ञानाच्या सरांनी एका बाजूने बंद असलेली मीटरभर लांबीची काचेची नळी पाऱ्याने काठोकाठ भरली, तोंडावर अंगठा दाबून ती पाऱ्याच्या वाटीत उलटी केली आणि अंगठा काढून घेतला. आतला पारा सरकन खाली येऊन एका जागी थांबला. त्याच्या वर जी मोकळी जागा उरली, ती माझ्या आयुष्यातली पहिली निर्वात पोकळी. पट्टी लावून मोजण्याचे काम माझ्याकडे होते आणि आकडा आला ७१ सेंटीमीटरला जरासा कमी. पुस्तकात ७६ छापलेले होते. प्रयोग फसला, यावर नववीच्या सगळ्या वर्गाचे एकमत झाले.

(तो पारा आम्ही उघड्या तळहातावर घेऊन खेळलो, हेही येथे कबूल केले पाहिजे. आज कोणत्याही शाळेने तसे करू देऊ नये.)

सरांनी आकडा खोडला नाही आणि जुळवूनही घेतला नाही. नळीत हवा शिरली असेल ही शंका त्यांनी आधी स्वतःच काढली आणि नळी हळूहळू तिरपी केली. पारा नळीतून पुढे सरकत गेला, पण वाटीपासूनची त्याची उभी उंची तेवढीच राहिली, आणि नळी पुरेशी कलल्यावर पारा बंद टोकावर 'टक्क' असा धातूचा आवाज करून आदळला. आत हवेचा बुडबुडा असता, तर त्याने गादीसारखा तो धक्का झेलला असता. मग सर म्हणाले, "पुस्तक समुद्रकाठी लिहिले आहे, आपण बालाघाटावर राहतो." आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तेवढ्या जाडीचा हवेचा थर आमच्या पायाखाली राहतो आणि त्याचा भार आमच्या वाट्याला येत नाही. इटलीत तोरिचेल्लीने १६४३ साली हा प्रयोग योजला, आणि फ्रान्समध्ये पास्कलने १६४८ साली आपल्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना पाऱ्याची नळी घेऊन डोंगर चढायला लावला, तेव्हा माथ्यावर पारा आठेक सेंटीमीटर खाली आला. दाजींना असे कामाला लावणारा शास्त्रज्ञ आम्हाला फार आवडला होता.

पोकळी ओढत नाही, बाहेरची हवा ढकलते, हे सरांचे वाक्य मात्र तेव्हा माझ्या डोक्यात शिरले नव्हते. ते विहिरीने शिकवले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या विहिरीचे पाणी चाळीस फुटांच्या खाली गेले होते, आणि पुढच्या उन्हाळ्यातही ते पुरते सावरले नाही. काठावरचे इंजिन धडधडत राही, पण पंपातून थेंब पडत नसे. पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फुट-व्हॉल्व्ह, गळतो, असे निदान झाले (गावात त्याला आजही सगळे 'फुटबॉल' म्हणतात), वायसर बदलले, पाइप पुन्हा आवळला, आणि वडिलांचे पैसे गेले. सरांनी फळ्यावर गुणाकार करून दाखवला: पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून आमच्या गावची हवा पाण्याला फार तर ९.६ मीटर, म्हणजे साडेएकतीस फूट वर ढकलू शकते. समुद्रकाठी हीच मर्यादा १०.३ मीटर आहे. पंप कितीही मोठा बसवला, तरी त्याला स्वतःच्या बाजूची हवा काढण्यापलीकडे काही करता येत नाही. आणि पाइपातील घर्षण व बारीकसारीक गळती धरली, तर वीस-बावीस फुटांवरच थांबलेले बरे. वडिलांनी विहिरीत पाण्याजवळ ओटा बांधून पंप खाली उतरवला. वर फेकण्याला अशी मर्यादा नसते. ते काम पंपाच्या ताकदीवर चालते.

१९७५ साली दहावी झाल्यावर तंत्रशिक्षण घेऊन मी आमच्याच भागातील एका सहकारी साखर कारखान्यात लागलो आणि नोकरीची सगळी वर्षे पॅनच्या, म्हणजे पाक आटवण्याच्या बंद भांड्यांच्या, मजल्यावर काढली. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उघड्यावर आटतो, गूळ उतरेपर्यंत तापमान ११८ अंशांच्या आसपास जाते आणि म्हणून गुळाला तो तांबूस रंग येतो. साखरेला तो रंग नको असतो. हवा काढून घेतलेल्या बंद पॅनमध्ये पाक ६५ ते ७० अंशांना उकळतो, साखर करपत नाही आणि दाणा पांढरा बसतो. इंग्लंडमध्ये हॉवर्डने १८१३ साली काढलेली ही युक्ती अजून तशीच चालू आहे. हे निर्वात मुख्यतः पंप तयार करत नाही, हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही. पॅनमधून निघणाऱ्या वाफेवर कंडेन्सरमध्ये थंड पाण्याचा फवारा पडतो आणि कित्येक घनमीटर वाफेचे लिटरभर पाणी होते. पंपाने फक्त सोबत आलेली हवा काढायची. कंडेन्सर इमारतीच्या माथ्यावर असतो आणि त्याचा पाइप अकराएक मीटर खाली येऊन पाण्याच्या हौदात बुडालेला असतो. एवढी उंची असली, की बाहेरची हवा हौदातले पाणी पाइपातून वरपर्यंत ढकलू शकत नाही आणि कंडेन्सरमधले पाणी आपोआप खाली उतरत राहते. पहिल्या दिवशी तो पाइप पाहून मी मनात म्हटले, ही तर आमची विहीर, उलटी उभी केलेली.

तिसऱ्या हंगामात मार्च महिन्यात माझ्यावर ठपका आला. यंत्राच्या पुस्तिकेत ६६ सेंटीमीटर निर्वात लिहिलेले, आणि आमच्या पॅनवर काटा ६१-६२ च्या पुढे जाईना. तीन दिवस मी मेणबत्ती घेऊन प्रत्येक सांध्यापाशी फिरलो. गळती असेल तेथे ज्योत आत झुकते. ज्योत कोठेच झुकली नाही. चौथ्या दिवशी मला नळीचे ७१ आठवले. गेजचा काटा आतील दाब दाखवत नाही, बाहेरच्या व आतील दाबातील फरक दाखवतो. समुद्रकाठी ६६ म्हणजे आत १० सेंटीमीटर पाऱ्याइतका दाब उरला. आमच्याकडे तोच १० उरला, तर काटा ६१ वरच थांबणार. इथे ६६ गाठायचे, तर आत पाच सेंटीमीटरसुद्धा उरता कामा नये, आणि त्या दाबाला पाणी ३७ अंशांना उकळते. आमच्या फवाऱ्याचे पाणीच त्या दिवसांत ३५ अंशांचे होते. मी हे कागदावर मांडून दिले. ठपका कागदोपत्री मागे घेतला गेला नाही, पण पुढच्या हंगामापासून फळ्यावर ६१ लिहू लागले.

अर्थात पॅनमधले निर्वात अगदी ढोबळ. त्यात दर घनसेंटीमीटरला हवा आणि वाफेचे मिळून तीनावर अठरा शून्ये इतके रेणू शिल्लक असतात. थर्मासच्या दोन भिंतींमधील पोकळी याहून फार वेगळी: तेथे नुसती निम्मी हवा काढून काहीच साधत नाही, कारण विरळ झालेली हवाही जवळजवळ तेवढीच उष्णता वाहून नेते. रेणू एकमेकांवर आदळण्याआधी पलीकडच्या भिंतीवर आदळू लागतील इतकी ती विरळ झाली, तरच चहा गरम राहतो.

सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठी मागच्या महिन्यात शाळेत गेलो, तेव्हा नववीतल्या एका मुलीला हे सारे सांगत होतो. तिने फोनवर हवामान उघडून दाखवले. दाब १०१० हेक्टोपास्कल होता, म्हणजे पुन्हा पुस्तकातले ७६. "काका, तुमचे ७१ चुकले," ती म्हणाली. हवामानाचा आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, हे मी तिला समजावले, पण तिला ते पटल्याचे दिसले नाही. मग तिच्या फोनच्या आत बसवलेल्या दाबमापकाचा आकडा आम्ही शोधून काढला. तो ९४३ निघाला. त्याचे पाऱ्याचे मिलिमीटर करण्यासाठी मी तिला ०.७५ ने गुणायला सांगितले. तिने खडू उचलला आणि फळ्यावर गुणाकार केला: ७०७ मिलिमीटर.