मामाचं कोणी विचारलंच नाही

व्यसनमुक्तीत काउन्सेलर म्हणून अकरा वर्षं झाली, पण परवाची केस डोक्यातून जातच नाहीये. 19 वर्षांचा मुलगा, बॅगेत गोगो पेपर (सिगरेटसारखं वळून ओढायचा कागद) आणि गांजाची पुडी सापडली म्हणून आईबाबा घेऊन आलेले. बाबांनी मेडिकलमधून युरिन किट आणून घरीच टेस्ट केली, दोन रेघा आल्या म्हणून पोराच्या कानाखाली वाजवली. आता यात दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह, प्रेग्नन्सी किटच्या बरोबर उलट! पाकिटावर लिहिलेलं असतं हो, पण वाचतंय कोण. (अधूनमधून ओढणाऱ्याचं काही दिवसांत निघून जातं, रोजवाल्याचं महिनाभरसुद्धा दिसतं.)

बाबा तंबाखू मळत म्हणाले, "मॅडम, आम्ही कधीतरी क्वार्टर घेतो ते ठीक, पण हा गांजा?" झालं, मी माझं नेहमीचं सुरू केलं, आणि खोटं कशाला, ते मला छान जमतं. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे मुख्यतः तंबाखूने होतो, रोज दारू पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोनतीन दिवसांत फिट येऊन जीवही जाऊ शकतो, गांजा सोडला तर झोप उडते, चिडचिड होते, अन्नावरची वासना जाते पण तेवढंच. कायदा मात्र वेगळाच चालतो, गुटखा 2012 पासून बंद असून टपरीवर मिळतो आणि या पुडीवर 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली केस होऊ शकते. बाबांनी मळलेली तंबाखू तशीच मुठीत धरली. पोरगा गालात हसत होता, आणि मला ते थोडं आवडलंही.

निघताना आई दाराशी घुटमळली. "मॅडम, माझा भाऊ कॉलेजात असंच ओढायचा. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. अजून गोळ्या चालू आहेत. त्याचा याच्याशी काही संबंध?"

फॉर्म काढला. 'कुटुंबात मानसिक आजार' पुढे 'नाही'. सुरुवातीला फॉर्म भरून घेणाऱ्या पोरीने बाबांना विचारलं, त्यांनी आपल्या घराण्यापुरतं सांगितलं, सासुरवाडी कोण धरतंय. तिला ओरडले मी, पण फॉर्म अर्धा तास माझ्याच पुढ्यात पडला होता की. रक्ताच्या नात्यात सायकोसिस (असे आवाज, भास होणारा आजार) असेल तर या वयात गांजा म्हणजे फार वेगळा धोका, आणि मी दारू-तंबाखूचं पुराण सांगत बसलेले.

तिघांना परत बसवलं, पोराला नीट समजावलं. तो म्हणतो, "पण आत्ता तुम्हीच म्हणालात ना, दारूपेक्षा बरा?"

असं मी म्हटलेलं नाही, शप्पथ. सोमवारी सायकिअॅट्रिस्टची अपॉइंटमेंट दिलीय, येतो का बघू.