ते साठ फोटो

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर मला एक भोवत्या दिसला, म्हणजे गवतावरून खालून उडत शिकार शोधणारा शिकारी पक्षी. मादी असावी किंवा त्या वर्षीचं पिल्लू, कारण वरून तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. गवतावरून जेमतेम हातभर उंचीने तरंगत गेला, बांधापाशी वळला, परत आला. मी बटण दाबूनच धरलं. साठेक फोटो निघाले. परतताना एसटीत बसल्या बसल्या त्यातले चांगले तीन ठेवले आणि बाकीचे उडवले. तिन्हींत पक्षी समोरून येतोय, डोळ्यात ऊन चमकतंय, मागे सोनेरी गवत. घरी सगळ्यांना फार आवडले.

रात्री ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, यादी भरायला बसले आणि अडले. पांढुरका भोवत्या की माँटेग्यूचा? दोघेही हिवाळ्यात आपल्याकडे येतात आणि माद्या तर सख्ख्या बहिणींसारख्या. फरक बघायचा तो मानेवर आणि पंखांखाली. पांढुरक्याच्या गालामागे गळपट्ट्यासारखी फिकट पट्टी असते, आणि तिच्यामागची मान गडद असल्यामुळे ती उठून दिसते. माँटेग्यूला ती पट्टी जवळपास नसतेच, उलट डोळ्याभोवती पांढरं जास्त. पंख खालून पाहिला तर माँटेग्यूच्या मोठ्या मादीला अंगाजवळच्या पिसांवर ठसठशीत गडद पट्टे असतात आणि त्यांच्यामध्ये रुंद फिकट जागा. पांढुरकीचा तोच भाग एकूण काळपट दिसतो.

माझ्या तीन सुंदर फोटोंत मान बाजूने दिसत नव्हती आणि पंखांची खालची बाजूही नाही. ज्यांत दिसत होती ते वळतानाचे, पंख वर गेलेले, थोडे हललेले फोटो मी इंदापूर यायच्या आत पुसून टाकले होते. यादीत 'भोवत्या, प्रजाती नक्की नाही' असं लिहिलं. ते बरोबरच होतं, पण फार लागलं मनाला. पक्षी माझ्यासमोरून दोनदा गेला होता, सगळं दाखवून गेला होता.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या स्लाइडवर पांढऱ्या पेशींची विभागणी करताना शंभर पेशी मोजायच्या असतात, आणि त्या दिसायला चांगल्या बघून निवडायच्या नसतात. जी समोर येईल ती मोजायची. वर्षानुवर्षं हे हाताला सवयीचं झालंय, तरी कॅमेरा हातात आला की मी ते विसरले. तेव्हापासून घरी येऊन नाव ठरेपर्यंत एकही फोटो उडवत नाही. ढुंगणाचा, पाठीचा, अर्धा कापला गेलेला, सगळे राहतात.

फोटोत सगळ्यात आधी हरवतं ते आकारमान. उजनीच्या काठावर कुंभारगावला पांढरे बगळे शेजारी शेजारी उभे असतात तेव्हा मोठा कोण, मधला कोण हे कुणीही सांगेल. पण झूम करून एकट्याचा फोटो काढला की संपलं. हिवाळ्यात दोघांचीही चोच पिवळी, पाय काळे, मान लांब. अशा वेळी मी फोटो मोठा करून फक्त जिवणी बघते. चोच मिटलेली असली तरी चोचीच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ गालावर जाते. मधल्या बगळ्याची रेघ डोळ्याखालीच थांबते, मोठ्या बगळ्याची डोळा ओलांडून मागे जाते. एकदा ही रेघ दिसली की बगळा किती उंच होता हे आठवायची गरजच राहत नाही. छोटा बगळा त्या मानाने सोपा, काळी चोच आणि पायांची पिवळी बोटं. फक्त तो चिखलात उभा असला की बोटं बुडतात. मग तो उडेपर्यंत थांबायचं.

रंगावर मी फारशी विसंबत नाही. सकाळी सातच्या उन्हात सगळेच तांबूस होतात.

फोटोवरून पक्ष्याचं नाव सुचवणारं मर्लिन ॲप मीही वापरते, चांगलं आहे. पण आधी माझा अंदाज वहीत लिहिते आणि मग त्याला विचारते. आधी नाव वाचलं की डोळे त्याच नावाच्या खुणा शोधायला लागतात, आणि सापडतातही.

आणखी एक कळकळीने सांगते. भोवत्ये संध्याकाळी माळावर गवतातच, जमिनीवर, एकत्र मुक्कामाला उतरतात. पंखाखालचा फोटो मिळावा म्हणून त्या वेळी गवतात गाडी घालू नका, चालतही जाऊ नका. नाव नाही कळलं तरी चालेल.

यंदा मे महिन्यात शेजारच्या नववीतल्या मुलाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. "मावशी, शिक्रा बसलाय लिंबावर!" राखाडी पाठ, छातीवर तांबूस आडव्या रेषा, पिवळा डोळा, शेपटीवर पट्टे. छान स्वच्छ फोटो, पण पाठीमागून तीन चतुर्थांश वळलेला, आणि चोचीवर नेमकी काडी आलेली. मला शंका आली ती महिन्यामुळे. मे महिन्यात आमच्याकडे पहाटेपासून 'पेरते व्हा, पेरते व्हा' चालू असतं, आणि तसं ओरडणारा पावशा दिसायला हुबेहूब शिक्र्यासारखा. शिक्रा शिकारी पक्षी, त्याची चोच आखूड, मुळापासून आकडेदार, पावशाची बारीक आणि सरळसर. पण चोच तर काडीआड. मी लिहिलं, "बाळा, पायांचा फोटो आहे का?"

"आहे, पण खराब आलाय. तोंड दिसत नाही."

"तोच पाठव."

पाठवला. अर्ध्या फोटोत लिंबाचा पाला, डोकं गायब, पोट धूसर. पण फांदी नीट फोकसमध्ये आली होती. शिक्र्याची तीन बोटं पुढे आली असती, काळ्या धारदार नख्यांसकट. इथे पिवळ्या नाजूक पायाची दोनच बोटं पुढे होती.

"पावशा," मी लिहिलं.

पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, "मावशी, आत्ताच ओरडला!"