कूलंट जात होतं, पण जमिनीवर डाग नव्हता

चोर्ला घाट चढून आलं की टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, कमी झालेलं असायचं. फोंड्याला घरी गाडीखालच्या लादीवर मात्र थेंबही नाही. गाडी दोन सीटची स्पोर्ट्स कार. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत. एका गॅरेजवाल्याने न तपासताच वॉटर पंप बदलायला सांगितला. मला ते पटेना. पंप मागे, आणि गोडसर वास यायचा तो पुढच्या उजव्या चाकापाशी!

ओळखीच्या मेस्त्रींनी आधी इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. मग टाकीच्या तोंडाला हातपंप लावून एक बारच्या आसपास प्रेशर भरलं. काटा हळूहळू उतरू लागला, म्हणजे गळती होतीच. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नव्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. टाकीतली हवा निळ्या द्रावणातून सोडून पाहिली; इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर ते पिवळं होतं. रंग पिवळा झाला नाही. हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या आतलं सील फुटल्याची, धास्ती तिथेच मिटली.

कूलंटमध्ये यूव्ही डाय, म्हणजे अतिनील प्रकाशात चमकणारा रंग, घालून गाडी चांगली तापेपर्यंत फिरवली आणि अंधार पडल्यावर बंपर उतरवला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत पावसाळाभर अडकलेली पानं कुजून काळा चिखल झाला होता. सतत ओल, त्यात आपली खारी हवा. ब्रशने चिखल काढला तर अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, बोट लावताच रेडिएटरच्या जाळीच्या पातळ पत्र्या चुरत होत्या. यूव्ही टॉर्च मारला आणि खालच्या कोपऱ्यात हिरवट-पिवळी रेघ चमकली. भोक सुईच्या टोकाएवढं. घाटात इंजिन तापून प्रेशर वाढलं की तिथून पाझरायचं. थोडं गरम जाळीवरच वाळायचं, बाकीचं खालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये साचायचं. लादी कोरडी राहणारच.

इतक्या कुजलेल्या जाळीला डिंक लावण्यात अर्थ नव्हता. रेडिएटर नवा घातला, गंजलेले क्लॅम्पही बदलले.

खरी कसोटी भरण्याची. पुढून मागे जाणारे पाईप इतके लांब की नुसतं ओतलं तर मधे हवा अडकते आणि इंजिन तापतं. म्हणून आधी पंपाने हवा ओढून घेतली, होज चपटे झाले, मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर आत खेचू दिलं. विहिरीचं पाणी घालू नका, क्षार आत बसतात.

पुन्हा प्रेशर भरलं, काटा जागचा हलला नाही. बंपरच्या तोंडाला आता बारीक जाळी बसवली आहे. काढलेलं कूलंट कॅनमध्ये बंद करून ठेवलं. ते गोड लागतं आणि विषारी असतं, गटारात ओतलं तर वाड्यावरची कुत्री चाटतात.