पहिल्या रात्री बोटं काळी पडत नाहीत

त्या दिवशी आमच्या मेकअपच्या टेबलावर सहा पायांची काळी बोटं तयार होती. सिलिकॉनची, प्रत्येक नटाच्या पायाच्या साच्यातून काढलेली. टोकाला कोळशासारखी काळी, मागे जांभळी, कडेला रक्ताचे फोड. आठवडाभराचं काम होतं ते. गोरेगावच्या शूटिंगच्या फ्लोअरवर मे महिन्यात एका मालिकेसाठी अरुणाचलमधल्या ‘से ला’ खिंडीची रात्र उभी करायची होती. चीनशी झालेल्या युद्धातली १७ नोव्हेंबर १९६२ ची रात्र, खिंड सोडून मागे फिरलेली एक छोटी तुकडी, मेंढपाळाची रिकामी झोपडी, शेकोटी. तीन जवान बूट काढून पाय शेकतात, एकाची बोटं काळी पडलेली दिसतात आणि पहाट होताच तिघं पुन्हा चालू लागतात, असा सीन कागदावर होता.

मालिकेची तुकडी काल्पनिक असली तरी भोवतालचं सगळं खरं आहे. से ला सुमारे तेरा हजार सातशे फुटांवर आहे. तिथून आणि बोमडिलाच्या बाजूने विस्कळीत झालेले जवान पूर्व भूतानच्या डोंगरांतून आसामच्या मैदानाकडे उतरले, आणि कित्येकांना त्याला दिवसचे दिवस लागले. बऱ्याच जणांच्या अंगावर सुती गणवेश, एखादी जर्सी आणि पायात कॅनव्हासचे बूट होते. आमच्या ड्रेसवाल्या दादांनी बूट बरोबर आणले होते, एवढंच नाही तर आदल्या रात्री ते पाण्यात भिजवून ठेवले होते. कॅनव्हास ओला झाला की त्याचा रंग दोन छटांनी गडद होतो आणि तो पायाला चिकटतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

सकाळी साडेसहाला डॉक्टरसाहेब आले. सैन्यातून निवृत्त झालेले, उंचावरच्या चौक्यांवर नोकरी केलेले. पुण्याच्या एएफएमसीतले, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले. आमच्या टेबलापाशी थांबून त्यांनी एक काळं बोट हातात घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं. म्हणाले, “काम सुंदर आहे हो. पण हे दोन आठवड्यांनंतरचं बोट आहे. हे माघारीच्या पहिल्या रात्री कुठून आलं?”

थंडीने होणाऱ्या इजेचा एक क्रम असतो आणि तो घड्याळासारखा चालतो. गोठलेली कातडी आधी फिकी पडते, मेणासारखी दिसते, बधिर होते. खोलवर गोठलं असेल तर दाबल्यावर ती दबत नाही, लाकडासारखी टणक लागते. या अवस्थेत वेदनाही नसते, म्हणून तर ती फसवी. पाय वितळला की मग भयंकर कळा सुरू होतात, सूज येते, लाली येते आणि साधारण चोवीस तासांत फोड उठतात. फोडात स्वच्छ पाणी असेल तर इजा वरवरची, रक्त असेल तर खोल. काळी, कोरडी, आक्रसलेली बोटं त्यानंतर येतात, एक-दोन आठवड्यांनी. मेलेला आणि जिवंत भाग यांच्यातली रेष स्पष्ट व्हायला तर आणखी कितीतरी आठवडे जातात, म्हणूनच सर्जन कापायची घाई करत नाहीत. पडद्यावर मात्र वर्षानुवर्षं हिमदंश म्हणजे काळं बोट, एवढंच समीकरण. आम्हीही त्याच सवयीने साचे काढले होते.

डायरेक्टर सर आले तेव्हा बोटांचा प्रश्न सुटायच्या आधीच डॉक्टरांनी दुसरा काढला, आणि तो जास्त मोठा होता. “सर, यांना शेकोटीवर पाय शेकू देऊ नका. पहाटे चालायचंय ना यांना?”

गोठलेल्या पायावर माणूस चालू शकतो. वितळलेल्या पायावर चालू शकत नाही. गोठलेला पाय ठोकळ्यासारखा असतो, बूट घालून त्यावर अंतर काटता येतं, नुकसान होतं पण माणूस खाली पोचतो. तोच पाय शेकोटीपाशी वितळला की तासाभरात सुजतो, बुटात जात नाही, जमिनीला टेकवला तरी माणूस किंचाळतो. त्यातून तो पुन्हा थंडीत निघाला आणि पाय दुसऱ्यांदा गोठला, तर नुकसान पहिल्यापेक्षा फार जास्त होतं. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्त पोचतच नाही. त्यामुळे जिथे पुन्हा गोठण्याचा धोका आहे तिथे पाय वितळवायचाच नाही, सुरक्षित जागी पोचल्यावरच तो ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पंधरा ते तीस मिनिटं बुडवून ठेवायचा, असं आज शिकवतात. शेकोटीचा आणखी एक धोका असा की बधिर पायाला चटका कळत नाही. माणूस निखाऱ्याला पाय लावून बसतो आणि कातडी भाजून निघते.

हे कळायला जगाला फार वेळ लागला. १८१२ मध्ये मॉस्कोहून परतताना नेपोलियनचा सर्जन लॅरे याने नेमकं हेच पाहिलं होतं. रात्री शेकोटीला हातपाय लावणारे शिपाई दिवसा पुन्हा गोठत आणि त्यांचे अवयव सडत. त्याने दोष उष्णतेला दिला आणि बर्फ चोळायचा सल्ला दिला. बर्फ चोळल्याने कातडी आणखी सोलते, पण हा सल्ला शंभराहून अधिक वर्षं टिकला. आमच्या पटकथेतही एक जवान दुसऱ्याच्या पायाला बर्फ चोळतो, असं होतं. ते काढायचं का, यावर थोडा वाद झाला. माझं मत ठेवावं असं होतं, कारण १९६२ मध्ये ते चोळणारी माणसं असणारच. डॉक्टरांनी मधला मार्ग सुचवला: चोळायला हात पुढे येतो आणि तुकडीतला नर्सिंग असिस्टंट, म्हणजे जखमींची देखभाल करणारा जवान, तो मनगटाला धरून थांबवतो. सरांना ते लगेच पटलं. सीनचा सगळा ताणच तिथे आला. समोर शेकोटी आहे, पाय बधिर आहेत, आणि ज्याला त्यातलं कळतं तो माणूस त्यांना बूट काढू देत नाही.

पण एका जवानाचा बूट काढायचाच होता, पाय तपासण्यापुरता. म्हणजे आम्हाला गोठलेला, न वितळलेला, सावळ्या कातडीचा पाय हवा होता, तो पावणेदोन तासांत.

इथे एक अडचण होती. संदर्भाचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे असतात, आणि त्यांच्यावरून पांढरा रंग चढवला की आपल्याकडच्या पायाला चुना लावल्यासारखं दिसतं. सावळी कातडी गोठते तेव्हा पांढरी होत नाही, तिच्यातली ऊब जाते. ती राखाडी होते, त्यात पिवळट झाक येते, जुन्या मेणबत्तीसारखी. निळेपणा कातडीवर फारसा दिसत नाही, तो नखांच्या मुळाशी आणि ओठांच्या आतल्या बाजूला दिसतो. डॉक्टरांनी हे माझ्याच हातावर दाखवलं: नख दाबून सोडलं, गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. गोठलेल्या बोटात तो परत येतच नाही.

अल्कोहोलवर चालणारे रंग काढले. पिवळी माती, पांढरा आणि अगदी थोडा निळसर राखाडी, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इतके पातळ केले की एका थरात काही दिसूच नये. मग खरखरीत स्पंजाने टिपत टिपत पाच थर चढवले, बोटांच्या टोकाला दाट आणि पावलाच्या मध्यापर्यंत विरळ होत जाणारे. कडा सरळ ठेवली नाही, कारण गोठणं सरळ रेषेत थांबत नाही. करंगळी आणि अंगठा यांना सगळ्यात जास्त, टाचेला कमी. नखांच्या मुळाशी जांभळट निळा, ब्रशने, नख पुसून फक्त कडेला उरेल इतका. बुटाच्या शिवणीचा आणि नाडीच्या भोकांचा वळही काढला, कारण घट्ट ओला बूट रक्तपुरवठा दाबतो आणि इजा तिथेच आधी होते. ओला मोजा कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता खेचतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. त्यामुळे बोटांच्या बेचक्यात कातडी पांढुरकी आणि सुरकुतलेली दाखवली, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

चकाकी हा शेवटचा प्रश्न. एरवी आम्ही पावडर मारून चकाकी घालवतो. गोठलेल्या कातडीला मात्र मेणाची मंद चमक लागते. व्हॅसलिन चालत नाही, दिव्यांखाली ते ओघळतं आणि हवेतला सगळा कागदी बर्फ त्यावर चिकटतो. रंग पक्का करणाऱ्या सेमी-मॅट सीलरचे दोन हलके फवारे मारले, मध्ये थंड हवेचा ड्रायर.

फ्लोअर तापलेला होता. जिलेटिनचं काही वापरलं नव्हतं ते बरंच, कारण ते अंगाच्या उष्णतेजवळच मऊ पडतं आणि घामाने कडा सुटतात. दाढीवरचं हिम पॅराफिन मेणाचं होतं. ते जाळीच्या नकली दाढीवर आधीच ठोकळ्यावर लावून गार केलं होतं, कारण वितळलेलं मेण पन्नास-साठ अंशांचं असतं आणि नटाच्या चेहऱ्यावर ते कधीही थेट लावायचं नसतं. नटांच्या मानेमागे बर्फाच्या पिशव्या, चेहरा सगळ्यात शेवटी. आर्टवाल्यांनी जमिनीवर खाली कापसाची गादी आणि वर कागदाचा बर्फ पसरला होता. मिठाचा बर्फ दिव्यात खूप खरा चमकतो, पण मुंबईच्या दमट हवेत तो पाणी ओढून घेतो, तासाभरात चिखल होतो आणि थ्री नॉट थ्री रायफलींच्या लोखंडाला गंज चढतो. शिवाय नट अनवाणी असताना बारीकशी खरचट असली तरी मीठ झोंबतं. तोंडातून निघणारी वाफ मात्र आम्ही देऊ शकत नव्हतो, ती नंतर व्हीएफएक्सवाल्यांनी घातली.

रिहर्सलला एक गोष्ट फसली. नर्सिंग असिस्टंट झालेल्या नटाने पाय दाबून पाहिला आणि कातडी छान खोलगट होऊन परत वर आली. जिवंत, ऊबदार पाय. रंग कितीही बरोबर असला तरी त्या एका दाबाने सगळं उघडं पडलं. डॉक्टर म्हणाले, “दाबू नका, वाजवा.” मग त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि अंगठ्यावर उलट्या टोकाने दोनदा टकटक केली. आवाज नंतर लाकडावर रेकॉर्ड केला. जवान स्वतःच्या पायाकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बघतो. संवाद नव्हताच, आणि लागलाही नाही.

थरथरण्याचंही सांगायला हवं. तिन्ही नट जीव तोडून थरथरत होते. डॉक्टरांनी त्यांच्यात प्रतवारी लावून दिली. पहिला जोरात थरथरतो, म्हणजे त्याचं शरीर अजून लढतंय. दुसऱ्याचे शब्द जड होतात, बोटांना नाडी सुटत नाही. तिसरा थरथरतच नाही. शरीराच्या आतलं तापमान साधारण ३२ अंशांखाली गेलं की थरथर थांबते, आणि बघणाऱ्याला वाटतं याला आता बरं वाटतंय. खरं तर सगळ्यात आधी त्यालाच सांभाळायला हवं. टेकमध्ये नर्सिंग असिस्टंट ओरडणाऱ्याला सोडून त्या शांत माणसाकडे जातो, आपलं कांबळं त्याच्याभोवती लपेटतो आणि त्याला दोघांच्या मध्ये बसवतो. मॉनिटरपाशी उभ्या असलेल्या लाइट दादांनी विचारलं, “त्याच्याकडेच का गेला?” ज्याला प्रश्न पडला त्याला पुढच्या दहा सेकंदांत उत्तर मिळतं, असा तो शॉट झाला.

आपल्याकडे त्या युद्धाची आठवण ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ या वाक्याने निघते. यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री झाले. घरोघरी बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, दागिने दिले. आमच्या गोष्टीतल्या तुकडीपर्यंत त्यातलं काही पोचलेलं नाही. ड्रेसवाल्या दादांनी म्हणूनच तिघांपैकी कुणालाही चांगला स्वेटर दिला नव्हता. एकाची जर्सी कोपरावर विरलेली, दुसऱ्याची बाहेरून ओली.

शेवटचा शॉट बूट पुन्हा घालण्याचा. डॉक्टरांनी नाडी सैल बांधायला लावली, दोन भोकं सोडून. राखाडी पाय ओल्या कॅनव्हासमध्ये गेला, जवान उभा राहिला, तोल जायला लागला, कारण पायाखाली जमीन आहे की नाही हे त्याला कळत नाही. तो पावलाकडे बघत बघत चालला. हे नटाला कुणी सांगितलं नव्हतं.

पॅकअपनंतर कॉन्टिन्युइटीचा तक्ता नव्याने लिहिला. दिवस पहिला: राखाडी, मेणचट, फोड नाहीत. मैदानात पोचून पाय वितळल्यावर: लाल, सूज, पोटरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी: फोड, पुढच्या बोटांत रक्ताचे, मागे पाण्याचे. हॉस्पिटल, दुसरा आठवडा: काळी बोटं. ती सहा पायांची बोटं टाल्कम लावून डब्यात ठेवली आणि झाकणावर पट्टी चिकटवली, ‘सीन ६४, हॉस्पिटल, त्याआधी उघडू नये’.