नेव्हीत कोण होतं तुमचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: कोणीच नाही. ना वडील, ना भाऊ, ना लांबचा काका. दरवर्षी ९ डिसेंबरला मी ओळखीच्या लोकांना बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेबद्दल चार ओळी आणि तिच्यावर गेलेल्यांपैकी थोडी नावं पाठवते, की हा प्रश्न येतोच. वर पुस्ती, नौदल दिन तर ४ तारखेला झाला ना!

झाला की. १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदर हादरवलं, त्याचा उत्सव व्हायलाच हवा. ८ तारखेला रात्री कराचीवर दुसरा हल्ला झाला. आणि दुसऱ्याच रात्री दीवजवळच्या समुद्रात आयएनएस खुकरी बुडाली. पाणबुडीच्या शोधात निघालेलं हे जहाज. सोनारच्या, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राच्या, चाचणीसाठी वेग कमी ठेवलेला. पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने तिलाच गाठलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

यातलं एक नाव बहुतेकांना माहीत असतं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. स्वतःचं लाइफ जॅकेट त्यांनी दुसऱ्याला दिलं आणि जहाजाबरोबर गेले, असं त्यातून जिवंत वाचलेल्यांनी सांगितलं. मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण आपण तिथेच थांबतो, हे मला खटकतं. मुल्लांना निदान निर्णय तरी घेता आला. इंजिनरूममधल्यांचं, भटारखान्यातल्यांचं काय?

नौदल सप्ताहात मुंबईत युद्धनौका बघायला सोडतात, तेव्हा एकदा खाली उतरून पाहा. जिना कसला, जवळजवळ उभी शिडीच. उतरायचं तर तोंड शिडीकडे करून, दोन्ही हातांनी कठडा धरून. वरचं झाकण एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. दारांचे उंबरे इतके उंच की भर उजेडात, बंदरात उभ्या असलेल्या जहाजावरही नडगीला लागतात. खुकरीला बुडायला काही मिनिटंच लागली. रात्रीची वेळ, आणि जहाज कलंडतंय. खालच्यांनी काय केलं असेल ते सांगायला कोण उरणार? शौर्यकथेला साक्षीदार लागतो, आणि त्यांना तो मिळाला नाही. म्हणून मी निदान नावं लिहिते, हुद्द्यासकट.

बहुतेकांचा देहही हाती आला नाही. घरच्यांनी फूल ठेवायचं कुठे? दीवला टेकडीवर स्मारक झालं ते १९९९ साली, काचेत जहाजाची प्रतिकृती आहे. तिथे लोक सेल्फी काढतात म्हणून काहीजण चिडतात. मला त्यात गैर वाटत नाही, येतात तरी.

त्याच नावाची दुसरी ‘खुकरी’ आपल्या माझगाव गोदीत बांधलेली, १९८९ साली नौदलात दाखल झालेली. निवृत्तीनंतर तीही दीवलाच दिली. पोरांना घेऊन जाणार असाल तर तोफा बघून झाल्यावर खाली जायचा जिना कुठे आहे, तेवढं विचारा.