अंबाजोगाईला जाल तर कान घेऊन जा

परळीला रेल्वेतून उतरून एसटी धरली की साधारण 25 किलोमीटरवर अंबाजोगाई. बहुतेक जण योगेश्वरीचं दर्शन घेतात, मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत जातात आणि परतीची गाडी पकडतात. माझं सांगणं असं, की मार्गशीर्षात या आणि दोन रात्री राहा. देवीचं मार्गशीर्षातलं नवरात्र आणि दत्तजयंती, दोन्ही पौर्णिमेला पूर्ण होतात.

दत्तभक्त संतकवी दासोपंतांचं (1551–1615) हे गाव. त्यांची पासोडी, म्हणजे ज्या लांबरुंद कापडावर त्यांनी पंचीकरण (पंचमहाभूतांतून सृष्टी कशी घडते याचं विवेचन) लिहिलं ते, सगळ्यांना माहीत असते. मला मात्र त्यांची पदं जास्त मोलाची वाटतात. पदार्णव सव्वा लाख पदांचा, असं परंपरा सांगते. दत्तापुढे म्हणायची ही रचना. जुन्या बाडांमध्ये (हस्तलिखित वह्यांमध्ये) पदाच्या डोक्यावर रागाचं नाव लिहायची रीत होती, पण त्यावरून चाल हाती लागत नाही. स्वर लिहिलेले नसतात, आणि तेव्हाच्या नावाचा राग आज तसाच गायला जातो याची खात्री नसते. चाल टिकते ती गळ्यातून गळ्यात. म्हणून दासोपंतांच्या घराण्यातलं कुणी जाणतं माणूस पद म्हणत असेल तर बाकीचं सगळं सोडून तिथे बसावं.

याच तालुक्यातलं आपेगाव म्हणजे पखवाजाचं गाव. पद्मश्री शंकरबापू आपेगावकर इथले. (ज्ञानेश्वरांचं आपेगाव वेगळं, ते पैठणजवळ.) तेव्हा गाणं सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मंडपात पोचा. पखवाज लावताना पाहणं हा अर्धा कार्यक्रम आहे.

गव्हाची कणीक घट्टसर मळतात आणि धुम्याच्या, म्हणजे पखवाजाच्या डाव्या पुडीच्या (कातडी तोंडाच्या) मधोमध तळहाताएवढी थापतात. मधे जाड, कडेला पातळ. कणीक वाढली की आवाज खाली उतरतो, थोडी खरवडली की वर चढतो. सैल मळलेली कणीक थापेसरशी घसरते. कोरडी झालेली तडकते आणि ऐन रंगात तिचा तुकडा मांडीवर पडतो. म्हणून वादक मधेच बोट ओलं करून फिरवतो. उजवी पुडी लावायची गायकाच्या षड्जाला (सा) आणि धुमा त्याच्या खालच्या सप्तकातल्या षड्जाला. आधी गठ्ठे (कातडी पट्ट्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर जवळ आणायचा, मग हातोडीने गजरा (पुडीच्या काठाची कातडी वेणी) वरून ठोकून चढवायचा, खालून ठोकून उतरवायचा. गजऱ्याचं एक घर (दोन पट्ट्यांमधला भाग) लागलं म्हणजे काम झालं असं नाही. गोल फिरत प्रत्येक घर तपासावं लागतं, नाहीतर थाप पडल्यावर नाद फाटतो. मार्गशीर्षातल्या पहाटे दवाने कातडं सैलावतं आणि ऊन चढलं की ताणतं. पहाटे लावलेला पखवाज दुपारी तसाच वाजवायला घेतला, की गायकाचा सूर एकीकडे आणि थाप दुसरीकडे.

पद चौतालात असेल तर बारा मात्रा हातावर मोजा: टाळी पहिल्या, पाचव्या, नवव्या, अकराव्या मात्रेवर, काल (टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा) तिसऱ्या आणि सातव्यावर. दोन आवर्तनांत हात बसतो.

संध्याकाळी भजन. अभंगाचं माप कानाने पकडायचं असेल तर 'सुंदर तें ध्यान उभें विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां' घ्या. अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. 'विटेवरी' आणि 'कटावरी' यांचं यमक. शेवटच्या खंडात दोन अक्षरं कमी, आणि गाण्याची सगळी मजा त्या मोकळ्या जागेत आहे. 'ठेवोनियां' लांबवायचं, टाळ-पखवाजाला तिथे भरू द्यायचं, मग ध्रुपदावर, म्हणजे पालुपदावर, यायचं. नवखी मंडळी ही चार अक्षरं झटक्यात उरकतात, समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी पोचतात आणि सगळा फड गडबडतो. आठ मात्रांचा भजनी ठेका सोपा वाटतो, म्हणूनच ही चूक फार होते.

भैरवी झाली की लोक उठतात. तुम्ही थोडं थांबा. वादक कणीक सगळी खरवडून काढतो, ओल्या फडक्याने पुडी पुसतो, कोरडी होऊ देतो आणि मगच पखवाजावर गवसणी (कापडी खोळ) चढवतो. कणीक तशीच राहिली तर रात्रीत उंदीर तिच्यासकट पुडी कुरतडतात.